तीन कडांचं दुपटं

फडकं पिळता पिळता सुवार्ताच्या बोटांना काहीतरी लागलं. खडा नव्हे, द्राक्षाची बी नव्हे. साध्या सुती फडक्यात जे असायला नको ते बोटांखाली आलं. एक बारीक उंचवटा, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, मुंग्यांनी रांग धरावी तसे. खाली पातेल्यात द्राक्षारसाची शेवटची जांभळी धार पडत होती. गॅसवरचा कुकर शिट्टी मारू की नको अशा विचारात फुरफुरत होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेल्या फोनमधून अंबूबाई सांगत होत्या की, उद्या उपासनेनंतरच्या चहाचं दूध त्यांच्याकडून येणार नाही, कारण मागच्या खेपेला आणलं तर महिला मंडळात कुणी साधे आभारसुद्धा मानले नाहीत. बाहेरच्या खोलीत सार्थक शाळेच्या प्रोजेक्टचा पुठ्ठ्याचा ज्वालामुखी मांडून बसला होता आणि "मम्मी, फेविकॉल! मम्मी, फेविकॉल!" असा एकाच चालीत ओरडत होता. "आले," सुवार्ता म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडात सुपारीसारखा कायम असे. दूधवाला, दारावरची बेल, संडे स्कूलची पोरं, सासूबाईंची काठी, कुणीही साद घालो, आधी "आले" बाहेर पडे आणि मग कुणी बोलावलं ते ती पाही. झोपेत कूस बदलतानाही ती "आले" म्हणते, असं तिचा नवरा रवी चारचौघांत सांगायचा आणि चारचौघं पोट धरून हसायचे. आताही तिने "आले" म्हटलं आणि फडक्याची मूठ सोडली. ते ओलं, जड, वांग्याच्या रंगाचं कापड खिडकीच्या उजेडात उलगडलं. कडेने बारीक पानांची वेल होती. एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला होती, तिसऱ्याही बाजूला होती. चौथी बाजू कोरी होती. कुकरने शिट्टी मारली. "ऐकतेस ना गं?" अंबूबाईंनी विचारलं. "हो मावशी," सुवार्ता म्हणाली, "ऐकते."

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे आणि त्यासाठी लागणारा द्राक्षारस सुवार्ताच्या सासरच्या, रणनवऱ्यांच्या स्वयंपाकघरातून जाई. साऱ्या देशाला वाइन पाजणाऱ्या नाशकात चर्चपुरता रस कुठूनही मिळाला असता. पण मंडळीला आंबवलेला चालत नसे आणि भागुबाईंना बाटलीबंद चालत नसे. भागुबाई म्हणजे सुवार्ताच्या सासूबाई. "डब्यातला रस?" त्या म्हणायच्या, "त्यापरीस शाई पाजा की मंडळीला." मनमाडहून नाशकात आल्यापासून हा रस त्या करत आल्या होत्या आणि त्या रसाच्या जिवावर त्यांनी चर्चमध्ये जो दबदबा मिळवला होता तो तीन पाळकसाहेबांना मिळून जमला नव्हता. जिभेवर थेंब ठेवून त्या द्राक्ष कुठलं ते सांगत. दिंडोरीचं की पिंपळगावचं हे तर कुणीही सांगेल. भागुबाई सांगायच्या की ह्या वेलीला विहिरीचं पाणी आहे, कॅनॉलचं नाही, आणि मालकाचं बायकोशी पटत नाही. एकदा पंचवटीतल्या बाजारात एका द्राक्षवाल्याने चिडून विचारलं होतं, "आजी, बायकोचं कसं काय कळलं?" तर म्हणाल्या, "खुडताना देठ वढलाय बघ तुझ्या मालकानं. रागात हाय माणूस." तो द्राक्षवाला नंतर दर हंगामाला त्यांच्यासाठी काळ्या द्राक्षांची पेटी बाजूला काढून ठेवू लागला. काचबिंदूने नजर कायमची गेल्यावर आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर भागुबाई खाटेला लागल्या, आणि रस सुनेकडे आला. रसाबरोबर फडकंही आलं. धातूच्या जाळीतून गाळलेला रस त्यांना पसंत नव्हता. तो कापडातूनच गाळायचा, आणि तेही ह्याच कापडातून. हे कापड म्हणजे सासऱ्यांचं धोतर. नाथाजी रणनवरे मनमाडला रेल्वेत होते. आठवडाभर तेलकट खाकीत वावरणारा हा माणूस रविवारी चर्चला जाताना मलमलीचं असं पांढरं धोतर नेसायचा की, शनिवारी ते यार्डाच्या कुंपणावर वाळत पडलं की इंजिनवाले सिग्नल समजून गाडी हळू करायचे. निदान भागुबाई तसं सांगायच्या, आणि ऐकणारा हसला तर रागवायच्या. नाथाजी गेले. धोतर राहिलं. भागुबाईंनी त्याचे दोन भाग केले. एक रसासाठी. दुसरा बऱ्याच वर्षांनी पेटीतून निघाला, सुवार्ताला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा. त्याचं दुपटं झालं.

पोरगा झाला. काळासावळा, कानांच्या पाळ्या अंगापेक्षा मोठ्या. सुवार्ताने त्याचं नाव ओबेद ठरवलं, तर भागुबाई म्हणाल्या, "ओबेद? आमच्या मनमाडात ह्या नावानं हाक मारली तर तीन माणसं शिवी दिली समजून, आपलं काय चुकलं म्हणून माघारी वळत्याल. चिमाजी ठेव, माझ्या बापाचं." त्यावरून सासू-सुनेत लटकं भांडण चाले आणि मधल्या मधे पोरगा दोन्ही नावांना हसे. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला होता. भागुबाईंची नजर तेव्हा धूसर होऊ लागली होती, तरी त्या खिडकीशी बसून दुपट्याच्या कडेने पिवळ्या रेशमाची वेल भरत. पान, देठ, पान, देठ. तीन कडा झाल्या आणि त्या म्हणाल्या, "एक रविवार थांब गं सुवार्ते. एकच कड राहिली. आपल्या लेकराला अर्धं पांघरून वेदीपुढं कशाला न्यायचं?" सुवार्ता थांबली. तिला बरंच वाटलं होतं. त्या रविवारी संडे स्कूलचा कार्यक्रम होता, थोरल्या लेकीला, छोट्या निकिताला देवदूताचे पंख लावायचे होते, पाहुण्यांचं जेवण पुढे गेलं तर हायसंच वाटणार होतं. ती चटकन "बरं" म्हणाली होती, इतकी चटकन की पुढे तो "बरं" तिला कित्येकदा ऐकू आला, भांडी घासताना, रिक्षात, प्रार्थनेत डोळे मिटल्यावर. तो रविवार गेला आणि पुढचा रविवार यायच्या आत पोराची छाती भरली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत तो तिच्याकडे न बघता वर बघत राहिला, आणि मग बघायचा थांबला. पाळकसाहेबांनी चांगलं समजावलं होतं. एवढ्याशा लेकराला कसली पायरी चढायची असते, ते उचलूनच नेलं जातं, असं म्हणाले होते. सुवार्ताने मान हलवली होती. पण कब्रस्तानाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात सिमेंटचा जो हातभर तुकडा बसवला त्यावर रंगाऱ्याने "बाळ रणनवरे" असं लिहिलं, कारण नाव काय लिहायचं हे विचारायला तो आला तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीतरी म्हणालं, अजून ठेवलं नव्हतं. ठेवलं होतं. पण ठेवलं होतं असं म्हणायला तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. हजारदा "आले" म्हणणाऱ्या तोंडातून तेव्हा काहीच आलं नाही.

आणि आता ते दुपटं तिच्या हातात निथळत होतं. झालं कसं, हे शोधायला फार लांब जायला नको होतं. मघाशी स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणात तिने हात घातला होता. फोन तेव्हाही खांद्याशीच होता, निकिता पाठीमागून विचारत होती की उद्या वाचन तिचं आहे की दुसऱ्या कुणाचं, सासूबाई काठी आपटत होत्या, आणि बोटांना ओळखीची मलमल लागली तशी तिने ती ओढली होती. ओळखीची होतीच. एका धोतराची दोन भावंडं. रसाचं फडकं गेल्या महिन्यात धुऊन तिनेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली ठेवलं होतं, हे तिला आता आठवत होतं, स्वच्छ आठवत होतं, जसं पेपर देऊन बाहेर आल्यावर उत्तर आठवतं. इतकी वर्षं हे दुपटं तिने कुणाला दिसू दिलं नव्हतं. पोराच्या मातीच्या दिवशी मनमाडहून आलेल्या बायकांनी घरातली चिंधी न चिंधी धुऊन काढली होती, त्यात तेही साबणाच्या पाण्यातून गेलं होतं, तरी वर्षातून कधीतरी कपाट आवरायच्या निमित्ताने ती ते नाकाशी धरायची आणि तिला वास यायचा. साबणाचाच असेल. तिने फेविकॉल दिलं, कुकर उतरवला, अंबूबाईंच्या दुधाची सोय लावली आणि दुपटं मीठ-लिंबाच्या पाण्यात बुडवलं. पाणी जांभळं झालं, कापड तसंच राहिलं. चौथ्या कडेच्या टोकाला, जिथे वेल थांबली होती तिथे, भागुबाईंनी रेशमाचा दोरा तोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायचं म्हणून तसाच सोडला होता, उंदराच्या शेपटासारखा. सुवार्ताला तो पाठ होता. ती तो शोधू लागली. कापडावर नव्हता. सालींच्या चोथ्यात बोटं घालून पाहिलं, त्यातही नव्हता. सिंकच्या तोंडाशी नव्हता. "मम्मी, काय शोधतेस?" निकिता दारात उभी होती. "काही नाही. तू वाचन पाठ कर." "वाचन पाठ करायचं नसतं मम्मी, वाचायचं असतं." "मग वाच!" ती ओरडली, आणि मुलगी गेल्यावर ओट्याला टेकून उभी राहिली. पातेल्यात रस स्थिर झाला होता. काळा, तुळतुळीत; खिडकीचा चौकोन त्यात आख्खा पडला होता. तो ओतून द्यावा, असं तिच्या मनात आलं. ओतून द्यावा, रिक्षा करून बाजारात जावं, नवी द्राक्षं आणावी, किंवा सरळ दुकानातल्या बाटल्या आणून भागुबाईंना सांगूच नये. तिने पातेलं उचललंसुद्धा. सिंकच्या काठापर्यंत नेलं. पण हा रस त्या दुपट्यातून गेला होता. जिथे पोराची हनुवटी टेकली होती, तळवे लागले होते, तिथून थेंब थेंब उतरला होता. तो नाल्यात? नासर्डीत, गोदेत, पुढे कुठेतरी? दुपट्यात तो एकदाच निजला होता, एका दुपारी, भागुबाई डोळा लागून पेंगत असताना. सुवार्ताने चोरून त्यांच्या मांडीवरचं ते अर्धवट कापड घेतलं, त्यात पोराला गुंडाळलं आणि आरशापुढे धरलं. सुई टोचू नये म्हणून ती दोन बोटांत धरून ठेवली होती. त्याने आरशातल्या पोराकडे बघून जांभई दिली. मग रसाचं पातेलं उतू जाऊ लागलं होतं. हो, त्या दुपारीही रसच होता; तेव्हा ती तो सासूच्या हाताखाली करू लागे. तिने त्याला खाली ठेवलं, कापड सासूच्या मांडीवर परत ठेवलं, आणि तो रडू लागला तसं स्वयंपाकघरातून म्हणाली, "आले रे. आले. आले." हात चिकट होते. फडकं पिळायचं होतं. ती गेली तेव्हा तो रडून रडून निजला होता. एवढंच. त्याने काही झालं नव्हतं, पुढचं सगळं नंतरचं. पण ते तीन "आले" तिच्यापाशी राहिले होते, न वापरलेल्या तिकिटांसारखे. सुवार्ताने पातेलं ओट्यावर ठेवलं, बाटली धुऊन आणली आणि तोंडाला नरसाळं लावून रस भरला. सांडू न देता.

रविवारी सकाळी नेहमीसारखा भूकंप झाला आणि नेहमीसारखे सगळे त्यातून वाचले. रवी सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता आणि मोजे कुठे आहेत हे देवालाच माहीत असल्यासारखा वर बघत होता. मोजे त्याच्या खिशात निघाले. सार्थकचा ज्वालामुखी न सुकल्यामुळे टीव्हीवर ठेवला होता. निकिताची एक वेणी झाली होती, एक व्हायची होती. भागुबाईंना चहा-खारी, गोळी, उशाशी पाणी. दुपटं गच्चीवर रवीच्या दोन टॉवेलांच्या मधे वाळत घातलेलं. चर्चमध्ये सुवार्ता सहसा प्रभुभोजनापर्यंत आत नसेच. संडे स्कूलची पोरं मागच्या खोलीत तिच्या गळ्यात पडलेली असत, आणि ती घाईघाईने शेवटी येऊन उरलेला पेला घेई. आज तिने पोरांना निकिताच्या हवाली केलं आणि खांबाच्या आडोशाला उभी राहिली. ताटातले छोटे छोटे काचेचे पेले खिडकीतल्या उन्हात पेटल्यासारखे दिसत होते. रांग पुढे सरकत होती. वडीलमंडळातले काका, गुडघे न वाकवता वाकणारे. नवं जोडपं, बायकोच्या हातावरची मेंदी अजून लाल. दातांची कवळी काढून खिशात ठेवणारे मास्तर. पॅरालिसिस झालेल्या नवऱ्याला धरून चालणारी नर्सबाई. सगळे हात पुढे करत होते, सगळे तोंडाशी नेत होते, डोळे मिटत होते. ह्या लोकांना तो माहीत नव्हता. ह्यांनी त्याला वेदीपुढे कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या नावापुढे "स्वीकारतो" म्हटलं नव्हतं, त्याच्यासाठी एकदाही उभे राहिले नव्हते. आणि आता एकेकाच्या घशातून तो उतरत होता. सुवार्ताला हसू यावं तसं काहीतरी आलं. देवाची थट्टा होते की काय? की आपली झाली? तिला वाटलं, ओरडून सांगावं. वाटलं, कुणाला काही कळू नये. दोन्ही एकाच वेळी वाटणं ही तिला नवी गोष्ट नव्हती. घरात तर ती रोजची होती. तिची पाळी आली. तिने पेला घेतला. गोड होता. नुसता गोड, दुसरं काही नव्हतं त्यात. ती जीभ टाळूला लावून थांबली, वाट बघत, आणि मागून कुणीतरी हलकेच ढकललं. बाहेर चहाच्या टेबलाशी अंबूबाईंनी तिला गाठलंच. "ह्या वेळी रस घट्ट झालाय गं सुवार्ता. साखर हात राखून टाकत जा, मंडळीत अर्ध्यांना शुगर आहे." "साखर घालत नाही मावशी मी." "मग द्राक्षाला बोल लाव. आणि हे दूध पातळ कुणी आणलं?" "मीच." "तरीच," अंबूबाई म्हणाल्या आणि दोन कप चहा प्यायल्या.

चर्चला येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाळकसाहेब दुपारी घरी जाऊन प्रभुभोजन देत. भागुबाईंचा नंबर शेवटचा, कारण तिथे चहाबरोबर भजीही मिळत. पाळकसाहेब तरुण होते, बुलेट चालवत, आणि म्हाताऱ्यांशी बोलताना आवाज उगाच मोठा करत. "सलाम, भागूआजी!" "सलाम, सलाम. भैरी नाय मी, आंधळी हाय," भागुबाई म्हणाल्या. "लय उशीर केला साहेब. आमाला देवानं आधी बोलावलं असतं म्हंजे?" "तुम्हाला नाही बोलावत इतक्यात. तिथे रस करायला माणूस आहे म्हणतात." भागुबाई खुश झाल्या. रवी खुर्ची ओढून बसला. सुवार्ता दाराशी उभी राहिली, हातात भज्यांच्या पिठाचा चमचा. पाळकसाहेबांनी बॅगेतून बाटली काढली तेव्हा तिने ती ओळखली. तळाशी शेवटचा, गाळ बसलेला, चार-पाच घोटांचा रस उरला होता. त्यांनी प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा दिला, मग बाटली तिरपी करून तो दाट रस पेल्यात ओतला. भागुबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. तोंडाशी नेला. घोट घेतला, आणि त्यांच्या सवयीने गिळण्याआधी तोंडात फिरवला. सुवार्ताला त्या बोळक्या तोंडाची हालचाल दिसत होती. विहिरीचं पाणी, कॅनॉलचं पाणी. मग ती हालचाल थांबली. भागुबाईंनी दोन बोटं तोंडात घातली आणि जिभेवरून काहीतरी उचललं. बारीक, बोटाच्या पेराएवढं, ओलं. त्यांनी ते अंगठ्याने चोळलं. एकदा, दुसऱ्यांदा. रेशीम सुतासारखं चोळलं जात नाही, ते निसटतं. "काय निघालं आजी?" पाळकसाहेब पुढे झुकले. रवीने सुवार्ताकडे पाहिलं. तिच्या हातातल्या चमच्यावरून पीठ फरशीवर पडत होतं आणि तिला ते दिसत होतं. "काय नाय," भागुबाई म्हणाल्या. "माझ्याच पदराचा दोरा. जुनं लुगडं, सुटतंय सारखं." त्यांच्या अंगावर लुगडं नव्हतं, दोन वर्षं झाली, त्या गाऊनच घालत होत्या. पाळकसाहेबांना ते सुचलं नाही. रवीला सुचलं की नाही, कळलं नाही. भागुबाईंनी उरलेला घोट गिळला आणि "आमेन" म्हणाल्या, खणखणीत.

भजी खाऊन बुलेट गेली तशा भागुबाई म्हणाल्या, "दार लोट. कुठं हाय ते?" काय, असं सुवार्ताने विचारलं नाही. ती गच्चीवर गेली, दोन टॉवेलांच्या मधून दुपटं काढलं आणि खाली येऊन सासूच्या मांडीवर ठेवलं. ते वाळलं होतं, आणि वाळल्यावर आणखीच जांभळं झालं होतं, जुन्या मुक्या मारासारखं. भागुबाईंची बोटं कडेवरून चालू लागली. पान, देठ, पान, देठ. पहिल्या कोपऱ्याशी वळली, दुसऱ्याशी वळली. तिसऱ्या कडेच्या शेवटी थांबली. पुढे रस्ता नसल्यासारखी तिथेच घुटमळली. "चुकून," सुवार्ता म्हणाली, "घाईत, आई. फडकं समजून." "व्हय." "डाग जात नाही. मीठ लावलं, लिंबू लावलं." "द्राक्षाचा डाग जात असता तर मी तुला दुसरं काम सांगितलं असतं आयुष्यभर." भागुबाईंनी कापड मांडीवर सारखं केलं. मग म्हणाल्या, "समद्यांनी पेलं का?" "समद्यांनी." "अंबूनं?" "घट्ट झालाय म्हणाल्या." भागुबाईंच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा असावा. तो पूर्ण झाला नाही. "थांब म्हणाले व्हते मी," त्या म्हणाल्या. "एक रविवार थांब म्हणाले. कडंसाठी. कुत्र्यानं खाल्ली असती ती कड तर काय बिघडलं असतं?" सुवार्ता खाटेच्या काठावर बसली. इतक्या वर्षांत ह्या घरात ह्या वाक्याच्या बाजूबाजूने सगळे चालले होते, अंधारात खाटेचा खूर टाळून चालावं तसे. तिला वाटायचं ते वाक्य तिचं आहे, तिच्या "बरं"चं. आणि इथे ही म्हातारी ते आपलं म्हणून उशाला घेऊन निजत होती. "मी बरं म्हणाले होते, आई," ती म्हणाली. "लगेच म्हणाले. मला बरंच वाटलं होतं." "ठाऊक हाय. ऐकलं व्हतं मी." "मग कधी बोलला का नाहीत?" "तू कामात असतीस," भागुबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं.

मग त्या म्हणाल्या, "माझा डबा काढ. पिवळं रेशीम असंल खाली." डबा कपाटात होता, बिस्किटांचा, झाकण गंजलेलं. आत बटणं, हूक, नाथाजींच्या रेल्वेच्या कोटाची पितळी गुंडी, आणि तळाशी गुंडाळी. पिवळी नव्हती आता; लिंबाच्या आतल्या सालीसारखी झाली होती. सुवार्ताने दोरा तोडला. "सुई ओवून दे," भागुबाई म्हणाल्या आणि दुपटं मांडीवर पसरून चौथी कड समोर घेऊन बसल्या, दिसत नसलेल्या डोळ्यांनी नेमकं तिकडेच बघत. सुवार्ता खिडकीकडे वळली. उजेड होता. सुईचं नेढं दिसत होतं, त्यातून समोरच्या सोसायटीची टाकीसुद्धा दिसत होती. तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं, वळलं, नेढ्याशी नेलं. ते वाकलं. पुन्हा ओलं केलं. जिभेवर अजून कुठेतरी द्राक्षाची गोडी होती. "मम्मी!" बाहेरून सार्थक ओरडला, "ज्वालामुखी फुटला!" बेल वाजली. रवी म्हणाला, "सुवार्ता, कॉटेज प्रेअर आज कुणाकडे आहे? फोन आहे बघ." निकिता म्हणाली, "मम्मी, कुठे आहेस?" दोऱ्याचं टोक नेढ्याशी जात होतं आणि दोन पदरांत फाटून परत येत होतं. "बोलावत्यात तुला," भागुबाई म्हणाल्या. सुवार्ताचे ओठ उघडले होते, शब्द तिथेच होता, कायम असे तसा. तिने तो दोऱ्याबरोबर ओठांत दाबून धरला. पुन्हा बेल वाजली. "व्हईल गं," भागुबाई म्हणाल्या आणि कोऱ्या कडेवरून तळवा फिरवला, निजलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. "सावकाश ओव. आता कसली घाई."